उरलेला पेंढा कोणाचा?



भाताची कापणी झाली, झोडणी आटोपली आणि धान्य कणगीत पडले, म्हणजे आपल्या पेण व रोहा तालुक्यांतील शेतकऱ्याच्या जिवाला विसावा मिळतो. वर्षभराची चिंता काहीशी उतरते. घरोघरी उपकारस्तुतीच्या प्रार्थना होतात, आणि मंडळीत पहिल्या पिकाचे अर्पण येते. अशाच दिवसांत एका गावी घरगुती प्रार्थनासभा संपल्यावर एका बंधूने मला विचारले, "पाळकसाहेब, एक व्यापारी आला आहे. खाचरांतला सगळा पेंढा यंत्राने बांधून नेतो म्हणतो. कारखान्याच्या बॉयलरात तो जाळतात म्हणे. मी गुरे विकून टाकली, तेव्हा माझा पेंढा शिल्लकच आहे. दिला तर काही पाप आहे काय?"

त्याच्या पलीकडे एक विधवा भगिनी बसली होती. तिला स्वतःचे शेत नाही. दारी एकच म्हैस आहे आणि त्या म्हशीच्या दुधावर तिचे घर चालते. ती काही बोलली नाही, परंतु तिने मान खाली घातली. प्रश्न एकाने विचारला होता, पण उत्तर दोघांनाही द्यावयाचे होते. म्हणून त्या रात्री मी उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो, एवढेच म्हणालो. तो विचार आज या पत्रातून सर्वांपुढे ठेवीत आहे, कारण हा प्रश्न आता एका गावाचा राहिलेला नाही.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, त्या बंधूने विनाकारण प्रश्न उभा केला नव्हता. आपल्या वडिलांच्या काळी पेंढ्याला शिल्लक असे कोणी म्हणत नसे. नांगराला बैल होते, गोठ्यात गाय होती. खळ्याशेजारी पेंढ्याची उडवी रचली जाई व ती पावसाळ्यापर्यंत पुरवून पुरवून वापरली जाई. घर शाकारावयास, आंब्याच्या पेटीत फळांखाली घालावयास, पेणच्या गणेशमूर्ती गाड्यांतून दूरदेशी पाठविताना त्यांना धक्का लागू नये म्हणून, असा पेंढ्याचा शंभर ठिकाणी उपयोग होता. माघ-पौषाच्या थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावावयाची, तर मडक्याभोवती जाळही पेंढ्याचाच. पण आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. तरुण मुले धाटाव, नागोठणे, डोलवी येथील कारखान्यांत जातात. गुरे राखावयास घरात माणूस नाही. ज्या ठिकाणी कापणीयंत्र फिरते तेथे पेंढा शेतातच विस्कटून पडतो व तो गोळा करण्याची मजुरी परवडत नाही. रोह्याकडे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्याला तर दुसऱ्या पिकासाठी शेत लवकर मोकळे करावयाचे असते. मग कोणी तरी काडी ओढतो आणि एका संध्याकाळी सारे जळून जाते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. तरव्याच्या लहानशा जागेवर पालापाचोळा, शेण व गवत घालून राब भाजणे ही आपल्या कोकणातील जुनी रीत आहे. ती एका कोपऱ्यापुरती असते व तिचा हेतू रोपासाठी जमीन सिद्ध करण्याचा असतो. संपूर्ण खाचर पेटवून देणे ही गोष्ट निराळी. पंजाब व हरियाणा प्रांतांत भाताचे तण मोठ्या प्रमाणावर जाळल्यामुळे दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडी दिल्लीपर्यंत धूर पसरतो व लेकरांना श्वास घेणे कठीण होते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आपल्याकडे ते दिवस येऊ नयेत.

आता पेंढ्यापासून शक्ती निर्माण करणे ही काही फसवी गोष्ट नाही. एक किलो वाळलेल्या पेंढ्यात सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. आपल्या देशातील हलक्या प्रतीच्या कोळशाच्या ती फारशी मागे नाही. २०२१ साली केंद्र सरकारने कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांना असे धोरण घालून दिले की, कोळशात शेतीच्या अवशेषांच्या दाबून केलेल्या गोळ्या शेकडा पाचच्या प्रमाणात मिसळाव्यात. २०२२ च्या ऑगस्टात हरियाणातील पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचा कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करावे, अशी त्याची योजना आहे. आपल्या महाराष्ट्रातही हा विचार नवा नाही. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९५ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, एखादा तालुका आपल्या शेतातील अवशेषांवर आपली विजेची व इंधनाची गरज भागवू शकेल. पुण्याच्या ज्या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत काढली, तिला २००२ साली इंग्लंडातील ॲशडेन पारितोषिक मिळाले.

यावरून दिसते की, जे आपण जाळून टाकतो त्यात देवाने पुष्कळ बळ साठवून ठेवले आहे. प्रभूने पाच हजारांना जेऊ घातले तेव्हा उरलेले तुकडे गोळा करण्यास शिष्यांना सांगितले, हे योहानाने आपल्या सहाव्या अध्यायात लिहून ठेवले आहे. ज्याच्या हाती भाकरी वाढविण्याचे सामर्थ्य होते, त्यानेही तुकडे वाया जाऊ दिले नाहीत. मग आपण उभ्या शेतास आग लावून ते बळ धुरात घालवावे, हे ख्रिस्ती माणसाच्या कारभारीपणास शोभत नाही. ज्यास खरोखर मागणी उरली नाही असा पेंढा इंधनास देणे यात पाप नाही, उलट ते शहाणपण आहे.

परंतु या वाक्यातील "मागणी उरली नाही" या शब्दांपाशी आपण थांबले पाहिजे. भात किती झाले हे मापाने सांगता येते. शिल्लक किती हे मात्र नुसत्या मापाने सांगता येत नाही. कोणाकोणाचा वाटा अगोदर मोजला, यावर ते अवलंबून असते. ज्याचा वाटा मोजावयाचा राहिला, त्याच्या ताटातले आपण शिल्लक म्हणून उचलतो. त्या बंधूने म्हटले, माझी गुरे नाहीत म्हणून माझा पेंढा शिल्लक आहे. त्याने केवळ आपलेच घर मोजले होते. देवाच्या वचनाप्रमाणे मोजू गेल्यास तीन वाटेकरी त्याच्या खळ्यावर अगोदरच उभे आहेत.

पहिला वाटेकरी मुके जनावर. साधा हिशेब पाहा. एक एकर खाचरात दहाबारा क्विंटल भात झाले, तर जवळजवळ तितकाच किंवा थोडा अधिक पेंढा निघतो; तो बारा क्विंटल धरू. एका म्हशीस दिवसाला पाच किलो पेंढा घातला, तर कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत आठ महिन्यांत बारा क्विंटल लागतो. म्हणजे एका एकराचा सारा पेंढा एकाच म्हशीच्या दावणीत संपतो. गावात एकरांइतकी गुरे असतील, तर त्या गावात शिल्लक पेंढा नाही, मग प्रत्येक घर वेगवेगळे काहीही म्हणो. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडास मुसके बांधू नये, असा नियम मोशेने घालून दिला (अनुवाद, अध्याय २५). बैल धान्य पिकवितो म्हणून त्याचा वाटा मालकाच्या हिशेबापूर्वी निघतो, हे त्या नियमाचे मर्म आहे. आपल्याच भागात या नियमशास्त्राचे लोक शतकानुशतके राहिले. पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा येथील बेने इस्राएल घराणी तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवीत, यावरून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घाण्यातून तेल माणसाला मिळते आणि उरलेली पेंड गुराला जाते. तिला शिल्लक म्हणून कोणी चुलीत घालीत नाही. पेंड आणि पेंढा या दोहोंवर गोठ्याचा हक्क अगोदर आहे.

दुसरा वाटेकरी जमीन. पेंढा हा जमिनीने दिलेला आहे व त्यातील काही ती परत मागते. एक टन पेंढ्याबरोबर सुमारे पाच ते आठ किलो नत्र आणि चौदा ते वीस किलो पालाश शेताबाहेर जाते. पेंढा गुराने खाल्ला तर शेणखताच्या रूपाने त्यातील पुष्कळसे परत येते. शेतात जाळला तर नत्र बहुतेक सारे धुरात जाते, राख तेवढी राहते. आणि व्यापाऱ्याच्या गाडीतून गेला तर राखही जाते. एका वर्षी हे जाणवणार नाही. दहा वर्षे सारा पेंढा विकला, तर दहाव्या वर्षी दुकानातून खताची गोणी आणताना जाणवेल. पेणच्या खाडीकाठी ज्यांची खारजमीन आहे त्यांनी तर अधिक सावध असावे. तेथे ऊन तापले की ओल उडून जाते व तळचे मीठ वर येते. जमिनीवर पेंढ्याचे आच्छादन असल्यास ही ओल टिकते. जमीन परमेश्वराची आहे व आपण तिच्यावर पाहुणे म्हणून राहत आहो, असे लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात शिकविले आहे, आणि तेथेच जमिनीसही विसाव्याचे वर्ष नेमून दिले आहे. पाहुण्याने घर धुऊन न्यावे, हे कोणत्याही जातीत सभ्यपणाचे मानीत नाहीत.

तिसरा वाटेकरी गरीब शेजारी. शेताचे कोपरे कापून घेऊ नयेत, पडलेली कणसे वेचून घेऊ नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत, असे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. हे वचन आपण बहुधा दानधर्माच्या उपदेशात वाचतो. परंतु नीट पाहिल्यास तेथे दान हा शब्द नाही. कोपरा मालकाचा असून त्याने उदार होऊन तो द्यावा, असे तेथे म्हटलेले नाही. तो कोपरा पिकतो तेव्हापासूनच दुसऱ्याचा असतो. म्हणूनच परदेशी रूथ बवाजाच्या शेतात भीक मागावयास गेली नाही. ती वेचावयास गेली. आपल्या गावांत कोपरा कोणाचा? ज्या कातकरी कुटुंबाची झोपडी पेंढ्याने शाकारली आहे त्याचा. ज्या मजुराने कंबर वाकवून लावणी केली, पण ज्याला स्वतःचा गुंठाही नाही, त्याचा. ज्या विधवेची म्हैस आजवर शेजाऱ्यांच्या उडवीवर जगली तिचा. पेंढ्याला भाव नव्हता तोवर हा वाटा कोणी न मागता मिळत होता. भाव येताच तो वाटा नाहीसा होतो, आणि मोठे दुःख हे की, कोणी कोणाचे काही हिरावले असे कोणालाही वाटत नाही. कायद्याने पाहिले तर ते खरेही आहे. परंतु देवाच्या न्यायासनापुढे सातबाऱ्याचा उतारा पुरेसा होत नाही.

या भूमीने शिलकेचा हा प्रश्न पूर्वीही पाहिला आहे. पेणच्या शेजारी, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली खोताची जमीन कसण्याचे नाकारले, उपास काढले, पण मागे हटले नाहीत. खोताच्या हिशेबात कुळाचे पोट धरलेले नव्हते. त्याचा वाटा निघाल्यावर उरेल ते कुळाचे, असा तो हिशेब होता. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच अन्यायाविरुद्ध. पुढे १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा भावे १९५१ पासून देशभर पायी फिरले व जमीनदारांना म्हणाले की, तुम्हास पाच मुलगे असतील तर मला सहावा समजून माझा वाटा द्या. ते आपल्या धर्माचे नव्हते, तरी गरिबाला कुटुंबात मोजल्यावाचून वाटणी पुरी होत नाही, हे त्यांना उमगले होते. पूर्वी ज्यांना खोताने मोजले नाही, त्यांचीच नातवंडे आज जमिनीची मालक आहेत. त्यांनी आपल्याहून दुबळ्याला मोजावे की न मोजावे, हाच आजचा प्रश्न आहे.

येथे कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, सारे ओझे शेतकऱ्याच्याच माथी का? तो स्वतः कर्जात आहे. पेंढ्याचे चार पैसे मिळाले तर मुलाची फी भरता येईल." हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानीत नाही. ज्याला पोटाची भ्रांत आहे त्याच्या पेंढ्याकडे बोट दाखवून आपण धर्माची व्याख्याने देऊ नयेत. कोपरा सोडण्याची आज्ञा शेत असणाऱ्याला दिली आहे, आणि ज्याला दोनच खाचरे आहेत त्याचा कोपराही तेवढाच लहान असेल. शिवाय दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. पेंढा हलका पण फुगीर. गोळा करणे, दाबून बांधणे, वाहून नेणे यांतच पुष्कळ खर्च जातो. त्यात शेकडा पंधरा ते वीस राख निघते व बॉयलरात ती चिकटून बसते, म्हणून कारखानदार भाव पाडतो. शेवटी शेतकऱ्याच्या हाती येते ते थोडे. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारोने इस्राएल लोकांना पेंढा देण्याचे बंद केले, विटांची संख्या मात्र तेवढीच मागितली. लोक रानोमाळ धसकटे शोधीत फिरले. ज्यांना शक्ती हवी आहे त्यांनी तिची किंमत भरावी, गावाच्या पाठीवर ती लादू नये, हे बोलणेही मंडळीचे काम आहे.

मग करावे काय? आमच्या उपदेशक बंधूंस माझी सूचना अशी की, कापणीपूर्वीच एखाद्या रविवारी उपासनेनंतर गावकऱ्यांसह बसावे. हे काम केवळ ख्रिस्ती घरांचे नाही. आगरी, कुणबी, कातकरी, सर्वांस बोलवावे. प्रथम गावातील गुरे मोजावीत, ज्यांना शेत नाही त्यांची विशेषेकरून. आठ महिन्यांचा पेंढा बाजूस काढावा. नंतर शेतात किती ठेवावयाचा ते ठरवावे; निदान धसकटे व खालचा भाग तरी जमिनीस राहू द्यावा. नंतर ज्यांना छपरास किंवा गोठ्यास पाहिजे त्यांची नावे घ्यावीत. एवढे झाल्यावर जे उरेल ते शिल्लक. ते विकावे तर एकेकट्याने अंदाजाने न विकता सर्वांनी मिळून, वजन करून विकावे.

आणि विकण्यापूर्वी गावातच त्याचा उपयोग होतो काय, हेही पाहावे. शेणात पेंढा बारीक चिरून मिसळला तर गोबरवायूच्या टाकीत त्याचा वायू होतो. नुसत्या पेंढ्यात नत्र थोडे असते म्हणून शेणाची जोड लागते. चूल पेटते, आणि टाकीतून निघालेला रबडा खत म्हणून शेतात जातो, म्हणजे जमिनीचा वाटाही बुडत नाही. गाडीतून गेलेल्या पेंढ्यात आणि यात हा मोठा अंतरभेद आहे. टाकाऊ वस्तूतून प्रकाश काढण्याची ही विद्या आपल्या प्रांतास नवी नाही. १८९७ च्या सुमारास मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानी मैलापाण्याच्या वायूवर दिवे लावले गेले. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्यांच्याच अंगणात टाकून दिलेल्या वस्तूने उजेड केला. देवाच्या राज्यात काय टाकाऊ आणि कोण टाकाऊ, याचा विचार करणाऱ्यास ही गोष्ट पुरेशी आहे.

शेवटी त्या बंधूच्या प्रश्नाकडे येतो. पुढच्या खेपेस मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याला म्हणालो, "विकण्यात पाप नाही. पण मोजणी अपुरी राहिली आहे. शेजारच्या गोठ्यापासून पुन्हा मोजा." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिला बारा क्विंटल दिले तर माझ्याकडे व्यापाऱ्याला द्यावयास थोडेच उरेल." मी म्हणालो, "थोडे उरेल, पण ते खरोखर तुमचे असेल." त्याने काय केले ते येथे सांगणे उचित नाही, ते त्याच्या व देवाच्या मधले आहे.

प्रिय वाचकहो, आपला तारणारा जन्मला तेव्हा त्याला गव्हाणीत निजविले, असे लूकाने लिहिले आहे. जगातील मोठ्या लोकांच्या हिशेबात त्या रात्री त्या कुटुंबाला जागा उरलेली नव्हती. गुरांच्या वाट्याची जी जागा होती, तीच त्याच्या कामी आली. म्हणून कापणीच्या दिवसांत ज्या ज्या वेळी आपल्या तोंडी शिल्लक हा शब्द येईल, त्या त्या वेळी एकदा गोठ्याकडे, एकदा जमिनीकडे व एकदा शेजाऱ्याच्या दाराकडे पाहावे, आणि मगच मापाला हात घालावा. असे करण्यास प्रभु आपणा सर्वांस बुद्धी व धैर्य देवो. आमेन.